गावातील दुसरी शाळा

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील तालुका. तंबाखूची शेती, थोडाफार लाकडाचा व्यापार आणि १९६० च्या सुमारास चौदा हजारांची वस्ती, असा हा ग्रामीण मुलूख. फार्मव्हिल हे त्याचे मुख्य ठिकाण. या लहानशा गावात शिक्षिका तयार करणारे लाँगवुड महाविद्यालय होते आणि काही मैलांवर १७७५ पासून चालत आलेले हॅम्पडन-सिडनी महाविद्यालय होते. विद्येशी पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय असलेल्या या काउंटीच्या लोकनियुक्त मंडळाने जून १९५९ मध्ये एक निर्णय घेतला. येत्या वर्षी शाळांसाठी कर बसवावयाचा नाही, असा तो निर्णय होता. कर नाही म्हणून पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून शाळा नाहीत. सप्टेंबर उजाडला तेव्हा काउंटीतील यच्चयावत सार्वजनिक शाळांना कुलपे लागली होती. ती निघाली १९६४ साली.

त्याच सप्टेंबरात काउंटीत एक नवी शाळा मात्र सुरू झाली. तिचे नाव प्रिन्स एडवर्ड अकॅडमी. ती खाजगी होती, मुलांनी सकाळी यावे आणि दुपारी घरी जावे अशी होती आणि विद्यार्थ्यांना महाविद्यालयासाठी तयार करणे हे तिचे ध्येय होते. आरंभी वर्ग चर्चच्या खोल्यांतून आणि मिळतील त्या सभागृहांतून भरले. पुढे तिने स्वतःची इमारतही उभारली. सार्वजनिक शाळांतील बहुतेक गोरे शिक्षक तेथून उठून येथे आले, विद्यार्थीही तेच आले. अर्थात गोरे तेवढेच. काउंटीतील सुमारे सतराशे कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी शाळा उरली नाही. काहींना नातेवाइकांकडे परगावी धाडण्यात आले, काहींनी चर्चच्या तळघरांत जमेल तसे पाटीवर गिरविले, कित्येक तंबाखूच्या शेतात गेले ते कायमचे.

(सार्वजनिक शाळा म्हणजे अमेरिकेत करदात्यांच्या पैशाने चालणारी, सर्वांना खुली असलेली शाळा. 'पब्लिक स्कूल' म्हटले की आपल्याकडे नेमक्या उलट वस्तूचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, ही इंग्रजांची देणगी.)

हे सारे का घडले याची हकीकत फार्मव्हिलच्याच एका शाळेत सुरू होते. रॉबर्ट मोटन हे कृष्णवर्णीयांचे हायस्कूल. ते १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेले होते आणि १९५१ मध्ये तेथे साडेचारशेच्या आसपास मुले शिकत होती. वर्ग वाढविण्यासाठी आवारात डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी झोपड्या उभारल्या होत्या. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या नेतृत्वाखाली मुलांनी हरताळ पाडला. मागणी साधी होती, चांगल्या इमारतीची. तिचे पर्यवसान वर्णविभक्त शाळांच्या विरुद्ध दाव्यात झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी 'ब्राउन' खटल्यात अशा शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्या निकालाखाली जे पाच दावे एकत्र आले होते त्यांतील एक हा होता. गोऱ्या पुढाऱ्यांनी त्याच वेळी ओळखले की, गाठ आता न्यायालयाशी आहे. १९५५ पासूनच त्यांनी वर्गणीची वचने गोळा करण्यास सुरुवात केली. चार वर्षांनी न्यायालयाने अंमलबजावणीची तारीख दिली तेव्हा त्यांची अकॅडमी तयार होती.

आता या शाळेचा जमाखर्च पाहू. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातच खरा बोध आहे. पहिले वर्ष वर्गणीवर निभावले. परंतु वर्गणीचा उत्साह ओसरतो, आणि पगार तर दरमहा द्यावे लागतात. १९६० मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शुल्क-अनुदानाची योजना आणली. कोणत्याही बालकाला, मग त्याचा वर्ण कोणताही असो, धर्मनिरपेक्ष खाजगी शाळेत जाण्यासाठी १२५ किंवा १५० डॉलर मिळणार होते. काउंटीने त्यात स्वतःचे १०० डॉलर घातले. प्राथमिक वर्गातील मुलामागे २२५ आणि माध्यमिक वर्गातील मुलामागे २५० डॉलर असा हिशेब झाला. शिवाय काउंटीतील खाजगी शाळेला देणगी देणाऱ्यास मालमत्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट. म्हणजे सार्वजनिक शाळेसाठी जो कर बसविणे अशक्य म्हणून सांगितले गेले होते, त्याच कराच्या तिजोरीतून, एक वळसा घेऊन, पैसा खाजगी शाळेत पोहोचला. १९६०-६१ च्या वर्षात अकॅडमीचा मुख्य आधार ही अनुदानेच होती, हे पुढे सर्वोच्च न्यायालयानेच नोंदविले आहे.

कायद्याच्या शब्दांत पक्षपात कोठेच नव्हता, हे मुद्दाम ध्यानात घ्यावयास हवे. 'मग त्याचा वर्ण कोणताही असो.' कृष्णवर्णीय मुलालाही अनुदान मागता येत होते. परंतु ते घेऊन त्याने जावे कोठे? काउंटीत शाळा एकच, आणि तिचे दार त्याला बंद. खिशात पैसे आहेत पण दुकानदार माल देत नाही, अशा गिऱ्हाइकाला बाजारात स्वातंत्र्य आहे असे पाठ्यपुस्तकही म्हणणार नाही. तुम्हांलाही वेगळी खाजगी शाळा काढून देतो, असा प्रस्ताव गोऱ्यांनी मांडला होता. कृष्णवर्णीय पालकांनी तो नाकारला. मुलांची वर्षे वाया जात असताना तो नाकारणे किती जड गेले असेल याची कल्पना करावी. तो स्वीकारला असता तर समाईक शाळेवरचा हक्क कायमचा सुटला असता, हे त्यांना कळत होते.

शुल्क-अनुदानाची कल्पना मुळात व्हर्जिनियाच्या पुढाऱ्यांची नव्हे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या शिक्षणातील शासनाच्या भूमिकेवरील निबंधात ती नीटसपणे मांडली होती. शासनाने शिक्षणासाठी पैसा द्यावा, परंतु शाळा स्वतः चालवू नये. पैसा पालकाच्या हाती द्यावा, म्हणजे शाळांत स्पर्धा होईल आणि दर्जा वाढेल, असा त्यांचा विचार. दक्षिणेकडील राज्ये याच योजनेचा वापर वर्णभेद टिकविण्यासाठी करू पाहत आहेत, हे निबंध लिहून होताच त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी एक लांबलचक तळटीप जोडली. वर्णभेद आपणास अमान्य आहे, परंतु सक्तीने एकत्र बसविणेही अमान्य आहे, असे तिचे सार होते. फ्रीडमन यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण वर शांतपणे सिद्धांत मांडावा आणि ज्या प्रश्नावर मुलांचे आयुष्य अडले आहे तो तळटीपेत जावा, ही अर्थशास्त्रज्ञांची जुनी खोड म्हणावी लागेल.

फ्रीडमन यांच्या युक्तिवादात आणखी एक गृहीत आहे. स्पर्धेसाठी विक्रेते अनेक असावे लागतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरात एका मैलाच्या आत पाच शाळा उभ्या राहू शकतात, त्यांत चढाओढ लागू शकते. खेड्याची गोष्ट वेगळी. समजा, गावात शाळेच्या वयाची साठ मुले आहेत आणि त्यांना शिकविण्यास तीन शिक्षक आहेत. त्यांतील वीस मुले दुसऱ्या शाळेत गेली, तर पहिल्या शाळेचा खर्च तिसऱ्या हिश्शाने कमी होत नाही. छप्पर तेवढेच, खोल्या तेवढ्याच, दुरुस्तीही तेवढीच. कमी होतो तो शिक्षक. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळावयाच्या म्हटल्यावर आणखी दहा पालक अस्वस्थ होतात. शहरात दुसरी शाळा पहिलीत भर घालते. गावात ती पहिलीतूनच कापून काढलेली असते.

कोण आधी निघून जाते, हा तर त्याहून महत्त्वाचा प्रश्न. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात फ्रीडमन यांच्या याच निबंधाचा समाचार घेतला आहे. संस्था बिघडू लागली की तिच्या लाभार्थ्यांपुढे दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा आत राहून आवाज उठविणे. ज्यांना दर्जाची सर्वांत जास्त चाड आहे आणि ज्यांच्या खिशात पर्याय आहे, ते सर्वांत आधी बाहेर पडतात. म्हणजे ज्यांचा आवाज साहेबापर्यंत पोहोचला असता तेच नेमके उठून जातात. मागे उरतात ते शाळा समितीच्या बैठकीला मजुरी बुडवून येऊ न शकणारे पालक. १९६४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रिन्स एडवर्डला सार्वजनिक शाळा उघडावयास लावल्या. शाळा उघडल्या, परंतु त्यांत जवळजवळ सगळी मुले कृष्णवर्णीय होती. कर बसविण्याचा अधिकार मात्र अजूनही त्यांच्याच हाती होता, ज्यांची मुले अकॅडमीत होती. आपले मूल ज्या शाळेत नाही तिच्यासाठी कर वाढविण्यास हात वर करणारा सभासद विरळा.

प्रिन्स एडवर्ड हा अपवाद होता असे कोणी म्हणेल. शाळा साफ बंद करणे हा अपवाद होता खरा. शाळा सोडून जाणे हा नव्हे. मिसिसिपी राज्यात १९६३-६४ मध्ये कॅथलिक शाळा वगळता अवघ्या १७ खाजगी शाळा होत्या आणि त्यांत २,३६२ विद्यार्थी होते. सप्टेंबर १९७० पर्यंत शाळांची संख्या १५५ वर आणि विद्यार्थ्यांची अंदाजे ४२,००० वर गेली. मधल्या काळात काय घडले? ऑक्टोबर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यातील होम्स काउंटीच्या खटल्यात बजावले की, आता दिरंगाई पुरे, शाळा ताबडतोब एकत्र करा. नव्या शाळांना राज्य सरकार क्रमिक पुस्तके फुकट वापरावयास देत होते. तेही १९७३ मध्ये न्यायालयानेच थांबविले. या शाळांतील शिक्षण वाईट होते असे नाही. काही ठिकाणी ते चांगलेच होते. शिस्त होती, वर्ग लहान होते, मुले महाविद्यालयात जात होती. शाळेची जाहिरात वाचून मात्र तिच्या दाराबाहेर कोण उभे आहे ते समजत नाही.

याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेकडील व्हर्माँट राज्यात, थेटफर्ड नावाचे तीन हजारांच्या आतील वस्तीचे गाव आहे. तेथील थेटफर्ड अकॅडमी १८१९ मध्ये स्थापन झाली. तीही खाजगी आहे, विश्वस्त मंडळ ती चालविते आणि महाविद्यालयाची तयारी करून घेण्याचा तिचाही लौकिक आहे. फरक असा की, गावाने वेगळे सार्वजनिक हायस्कूल काढलेच नाही. गावातील मुलांचे शुल्क गावच आपल्या करातून भरते. शेतकऱ्याचे पोर आणि डॉक्टरांचे पोर एकाच बाकावर बसते. व्हर्माँटमध्ये ही वहिवाट १८६९ पासूनची आहे, शेजारच्या मेन राज्यात १८७३ पासूनची. तिच्यातही कटकटी नाहीत असे नव्हे. धार्मिक शाळांना हा पैसा द्यावा की नाही यावरून मेनमधील वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जून २०२२ मध्ये अशा शाळांना वगळता येणार नाही असा निकाल लागला. पण गाव आणि शाळा यांचे नाते पाहिले तर थेटफर्ड आणि फार्मव्हिल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी शाळा खाजगी, दोन्ही ठिकाणी गाव लहान. एका ठिकाणी गावाच्या पैशाबरोबर गावाची मुले आली, दुसऱ्या ठिकाणी पैसा आला आणि मुले निवडून घेतली गेली.

महाराष्ट्राला थेटफर्डचा मार्ग नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात भाऊरावांनी सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली. या संस्था कायद्याने खाजगी, परंतु त्यांना खाजगी म्हणताना आजही जीभ अडखळते. गावाने जागा द्यावी, संस्थेने शाळा चालवावी, शासनाने वेतन अनुदान द्यावे आणि दार सर्वांना उघडे असावे, या व्यवस्थेतून ग्रामीण महाराष्ट्राची एक पिढी नव्हे, दोन-तीन पिढ्या मॅट्रिक झाल्या. आज कचेऱ्यांत आणि शाळांत काम करणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्याच बाकांवरून उठून आलेले आहेत. तिच्यात दोष शिरले, नेमणुकांचे व्यवहार झाले, संस्था घराण्यांच्या झाल्या, हे सर्व खरे. दोष दुरुस्त करण्याऐवजी शासनाने हात आखडता घेतला. २००१ मध्ये 'कायम विनाअनुदान' हा शब्दप्रयोग आला. २००९ मध्ये त्यातील 'कायम' गेला, तरी अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहत तुटपुंज्या पगारावर शिकविणारे शिक्षक उरलेच. २०१२ च्या अधिनियमाने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा मार्ग मोकळा झाला. शुल्क भरील त्याला प्रवेश, हा तिचा पाया.

आता तालुक्याच्या ठिकाणाबाहेर, डांबरी रस्त्यालगत, इंग्रजी माध्यमाची रंगीत इमारत उभी असते. आठवीपासूनच वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेण्याची हमी फलकावर असते. सकाळी पिवळ्या गाड्या वस्त्यावस्त्यांवरून फिरून मुले गोळा करतात. त्या गाडीत कोण बसते? ज्याला ऊस आहे त्याचे मूल, पतपेढीतील कारकुनाचे मूल, आणि, कटू वाटले तरी सांगितले पाहिजे, जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींचे मूल. त्यांना दोष देणे सोपे आहे. ज्या शाळेत वर्गाला शिक्षक नाही, जो आहे तो माहिती भरण्यात आणि सर्वेक्षणात गुंतलेला, तेथे केवळ तत्त्वासाठी आपले मूल ठेवा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? प्रत्येक बापाचा निर्णय त्याच्यापुरता बरोबर असतो. सर्वांच्या बरोबर निर्णयांची बेरीज मात्र गावाला भोवते.

येथे वर्णभेदाचा कायदा नाही, कोणी कोणाला जात विचारून परत पाठवीत नाही, म्हणून फार्मव्हिलशी तुलना अतिशयोक्त वाटेल. कायदा वेगळा आहे, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र चाळणी शुल्काची असली तरी खाली जे उरते ते पाहावे. भूमिहीनांची मुले, ऊसतोडीला गेलेल्यांची मुले, पारधी-भिल्लांची मुले, आणि एकाच घरात भावाला इंग्रजी शाळा मिळाल्यावर मराठी शाळेत राहिलेल्या बहिणी. पट घटला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये तर वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तांनी मागविले होते. आधी मुले काढून न्यावीत आणि मग मुले नाहीत म्हणून शाळा न्यावी, हा क्रम प्रिन्स एडवर्डपेक्षा सौम्य आहे, एवढेच.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये विनाअनुदानित खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखल्या. पैशाबरोबर जबाबदारीही यावी, हे थेटफर्डचे तत्त्व थोड्या प्रमाणात का होईना त्यात होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जबाबदारीतून सूट देण्यात आली. गावात अशी शाळा बहुधा असतेच. म्हणजे ग्रामीण भागातील बहुतेक खाजगी शाळा एका अधिसूचनेने मोकळ्या झाल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला. सरकारी शाळा बळकट व्हाव्यात म्हणून ही सूट होती, असा बचाव ऐकू आला. त्या बळकट करण्यासाठी त्याच अधिसूचनेत एखादे शिक्षकाचे पद वाढविले असते तर तो पटला असता.

प्रिन्स एडवर्ड अकॅडमी १९९० नंतर एका धनिकाच्या मोठ्या देणगीने सावरली, नाव बदलून फुक्वा स्कूल झाली, आणि त्याआधीच, १९८० च्या दशकात, तिने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार उघडले होते. तिच्यात आज शिकणाऱ्या मुलांना त्यांच्या आजोबांच्या कृत्याचा जाब विचारणे अन्यायाचे होईल. मोटन हायस्कूलच्या इमारतीत संग्रहालय आहे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००३ मध्ये खेद व्यक्त केला आणि २००४ मध्ये, शाळाबंदीत ज्यांचे शिक्षण बुडाले त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. १९५९ मध्ये जे मूल पहिलीत जाणार होते ते तेव्हा पन्नाशी ओलांडून गेले होते.

आपल्याकडे हिशेब अजून इतका थकलेला नाही. संचमान्यता ठरविताना निव्वळ पट न मोजता प्रत्येक इयत्तेला शिक्षक हे किमान प्रमाण कायद्याने बांधून घ्यावे. शिक्षणहक्क कायद्यातील प्रतिपूर्तीची रक्कम शाळांना वर्ष संपण्यापूर्वी मिळावी, म्हणजे थकबाकीचे निमित्त सांगून दार लोटून घेता येणार नाही. ज्या संस्था सर्व मुलांना घेण्यास तयार आहेत त्यांना, नव्या असल्या तरी, पुन्हा वेतन अनुदानाच्या कक्षेत आणावे. शिक्षक संघटनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत वेतनश्रेणी आणि बदल्या यांच्याबरोबर पहिल्या कलमाचा अंतर्भाव केला, आणि सभासदांची मुले कोणत्या शाळेत जातात याची चर्चा एकदा उघडपणे केली, तर गावच्या पालकसभेत त्यांचा शब्द आजच्यापेक्षा अधिक ऐकला जाईल.